स्फोटरोधक केबिन भाड्याने घेताना: कोकणातील रासायनिक आणि वायू प्रकल्पांसाठी मार्गदर्शन

शटडाऊनचे (दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवून करायचे) किंवा विस्ताराचे काम निघाले की कारखान्याच्या गेटमधून सर्वांत आधी आत येते ती ठेकेदाराची पोर्टा केबिन. तिच्यात ड्रॉइंग ठेवली जातात, वर्क परमिट भरले जातात, पाऊस असला तर सकाळची टूलबॉक्स टॉक म्हणजे सुरक्षेची छोटी बैठक तिथेच होते आणि दुपारी डबेही तिथेच उघडतात. ती ठेवायची कुठे, हे मात्र क्वचितच विचारपूर्वक ठरते. जिथे जमीन सपाट आहे, विजेचा पॉइंट हाताशी आहे आणि काम चार पावलांवर आहे तिथे ती उतरवली जाते, आणि अशी जागा बहुधा प्लँटला अगदी खेटून असते. लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव, पाताळगंगा, तळोजा, तारापूर या औद्योगिक वसाहती काय किंवा नागोठणे, थळ, उसर, उरण, दाभोळ येथील मोठे प्रकल्प काय, ज्वलनशील द्रावक, एलपीजी, नैसर्गिक वायू किंवा बेभान होऊ शकणाऱ्या रासायनिक अभिक्रिया जिथे आहेत, तिथे हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही.

त्याचे कारण २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात जगासमोर आले. आयसोमरायझेशन युनिट सुरू करताना एक स्तंभ मर्यादेबाहेर भरला, त्यातील द्रव ब्लोडाऊन ड्रमच्या (जादा द्रव-वायू सोडण्याच्या टाकीच्या) चिमणीतून बाहेर उसळला आणि त्याच्या वाफेच्या ढगाने पेट घेतला. मृत्युमुखी पडलेले पंधराही जण ठेकेदारांचे कर्मचारी होते आणि ते तात्पुरत्या ट्रेलर-कार्यालयांत किंवा त्यांच्या आसपास होते. सर्वांत जवळचा ट्रेलर त्या ड्रमपासून सुमारे ३७ मीटरवर होता, आणि त्यातील माणसांचा सुरू होत असलेल्या युनिटशी काही संबंध नव्हता. ती शेजारच्या युनिटच्या शटडाऊनसाठी आली होती. यानंतर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २००७ मध्ये तात्पुरत्या इमारतींच्या जागेविषयी शिफारस-संहिता ७५३ काढली, आणि पोलादी स्फोटरोधक मॉड्यूल, म्हणजे तयार केबिन, भाड्याने देण्याच्या व्यवसायाला त्यातून मोठी चालना मिळाली. त्याआधी, १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे २८ जण मृत्युमुखी पडले होते, त्यांपैकी १८ नियंत्रण कक्षात होते. आपल्याकडे नागोठण्याच्या गॅस क्रॅकर संकुलात नोव्हेंबर १९९० मध्ये झालेल्या वायूस्फोटात तीसहून अधिक माणसे गेली. स्फोटात आधार वाटणारे छप्परच अनेकदा माणसाचा जीव घेते, आणि केबिन भाड्याने घेण्याचा निर्णय करताना हे सतत डोळ्यांसमोर हवे.

केबिनच्या आधी माणसांची यादी

पुरवठादाराला फोन करण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि त्या केबिनमध्ये कोण, किती वेळ आणि कशासाठी बसणार आहे हे लिहून काढावे. परमिट देणारा अधिकारी, शिफ्ट इंजिनिअर, ठेकेदाराचा सुपरवायझर, टाइमकीपर, स्टोअरकीपर, प्लॅनिंगचे कर्मचारी, हजेरी घेणारा मुकादम अशी ती यादी होते, आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक नावे प्लँटजवळ असण्याचे कारण ‘बरे पडते’ एवढेच असल्याचे लगेच दिसते. ही नावे कारखान्याच्या दूरच्या कडेला किंवा शक्य असल्यास कुंपणाबाहेर हलवावीत. चालत सात-आठ मिनिटे जास्त लागतात अशी तक्रार येईल, तिच्यावर शटल गाडीचा खर्च करावा. तो स्फोटरोधक केबिनच्या भाड्यापेक्षा बहुतेक वेळा कमीच भरतो. अंतर हे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे आणि त्याला देखभाल लागत नाही.

माणसे मोजताना पावसाळ्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. एप्रिलमध्ये ज्या केबिनमध्ये सहा जण बसतात, त्याच केबिनमध्ये जुलैच्या मुसळधार सरीत वीस जण आसऱ्याला उभे असतात, कारण आजूबाजूला दुसरे कोरडे छप्पर नसते. जेवणाची आणि पाळी बदलण्याची वेळ या दोन्ही वेळांची गर्दीही धरावी. तेव्हा स्फोटरोधक केबिनची क्षमता ठरवण्याआधी सुरक्षित अंतरावर पुरेशी मोठी जेवणाची आणि विश्रांतीची शेड आहे का, हे पाहावे; ती नसेल तर केबिनच्या दारावर ‘फक्त ८ व्यक्ती’ अशी पाटी लावून काही साधणार नाही. सामानाच्या कंटेनरबद्दलही असेच आहे. त्यात कोणी बसत नसेल तर तो प्लँटजवळ राहू शकतो. पण स्टोअरकीपरने त्यात टेबल-खुर्ची आणि पंखा आणला की ती माणसांची इमारत झाली.

एवढे करूनही काही माणसे प्लँटजवळ लागतातच. चालू युनिटवर देखरेख करणारे, परमिटची जागेवर तपासणी करणारे, आणीबाणीत तिथेच थांबून व्हॉल्व बंद करणारे असे जे उरतात, त्यांच्यासाठी स्फोटरोधक केबिन घ्यायची.

जागेवरचा आकडा

केबिन किती मजबूत हवी, हे ती ज्या जागी उभी राहणार त्या जागी स्फोटाचा किती दाब येऊ शकतो यावर ठरते. हा आकडा जोखीम-विश्लेषणाच्या अहवालातून येतो आणि तो पुरवठादाराकडून घ्यायचा नसतो. बहुतेक कारखान्यांकडे असा अहवाल असतो. पर्यावरण परवानगीच्या किंवा आणीबाणी आराखड्याच्या वेळी तो करून घेतलेला असतो आणि मग कपाटात जातो. तो काढून त्याची तारीख पाहावी, आणि त्यानंतर नवे रिअॅक्टर, नव्या टाक्या किंवा नवी द्रावके आली असतील तर अहवाल अद्ययावत करून घ्यावा.

अहवाल वाचताना दोन ठिकाणी हमखास गल्लत होते. पहिली एककांची. आपल्याकडील अहवालांत दाब बहुधा बारमध्ये असतो, तर केबिनचे पुरवठादार पीएसआयमध्ये (पाउंड प्रति चौरस इंच) बोलतात. १ पीएसआय म्हणजे सुमारे ६.९ किलोपास्कल, म्हणजेच साधारण ०.०६९ बार. अहवालांत वारंवार दिसणारे ०.०२०६८, ०.१३७९ आणि ०.२०६८ बार हे विचित्र आकडे म्हणजे अनुक्रमे ०.३, २ आणि ३ पीएसआय आहेत. खिडक्यांच्या काचा १ पीएसआयच्याही खाली फुटतात, आणि १ पीएसआयच्या आसपास साध्या घरांची इतकी पडझड होते की ती राहण्यालायक उरत नाहीत. पत्र्याच्या किंवा सँडविच पॅनेलच्या पोर्टा केबिनकडून याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

दुसरी गल्लत अधिक घातक आहे. नकाशावर ३ पीएसआयचे वर्तुळ काढलेले असते आणि केबिनची जागा त्या वर्तुळाच्या आत पडते, म्हणून ‘तिथे ३ पीएसआय येतो’ असा निष्कर्ष काढला जातो. वर्तुळाची रेषा म्हणजे जिथे दाब ३ पीएसआयपर्यंत उतरतो ती जागा. तिच्या आत, स्फोटाच्या दिशेने, दाब ५ असेल, १० असेल किंवा त्याहूनही जास्त असेल. वर्तुळ त्याविषयी काहीच सांगत नाही. म्हणून सल्लागाराकडे वर्तुळे न मागता केबिनच्या नेमक्या जागेवरचा अतिदाब (नेहमीच्या हवेच्या दाबावर येणारा जास्तीचा दाब) आणि त्याचा कालावधी मागावा. जागा अजून ठरायची असेल तर तीन-चार पर्यायी जागांचे आकडे एकदमच घ्यावेत. वीस-तीस मीटर सरकल्याने आकडा किती उतरतो हे पाहून जागेचा वाद आपोआप मिटतो.

कालावधी का महत्त्वाचा, हेही समजून घेणे आवश्यक आहे. तोच दाब २० मिलिसेकंद टिकला तर भिंत हादरून सावरते आणि २०० मिलिसेकंद टिकला तर ती वाकत जाते. दाबाचा आलेख त्रिकोणी धरला तर दाब गुणिले कालावधी भागिले दोन, एवढा इम्पल्स भिंतीला सोसावा लागतो. समजा, जागेवरचा आकडा ३.२ पीएसआय आणि ९० मिलिसेकंद असा आला, तर इम्पल्स १४४ पीएसआय-मिलिसेकंद होतो. ५ पीएसआय आणि २०० मिलिसेकंदांसाठी बनवलेल्या केबिनचा इम्पल्स ५०० भरतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी ती पुरेशी आहे. केवळ दाब जुळला आणि इम्पल्स तपासलाच नाही, तर तुलना अर्धीच राहते.

अंतर मोजताना ते टाकीच्या मध्यापासून धरू नये. वाफेच्या ढगाचा स्फोट जोरदार होतो तो पाइप, रॅक, स्ट्रक्चर आणि उपकरणे यांची दाटी असलेल्या भागात, कारण त्या अडथळ्यांमधून ज्वाला वेगाने पुढे सरकते. गळती एकीकडे आणि स्फोट दुसरीकडे असे होऊ शकते. म्हणून ज्या युनिटचे काम चालू आहे त्याबरोबरच शेजारच्या, चालू असलेल्या प्रत्येक दाट युनिटपासूनचे अंतर पाहावे. वसाहतीत भिंतीला भिंत लागून दुसऱ्याचा कारखाना असतो. त्याच्याकडे काय साठवलेले आहे याची माहिती परस्पर-साहाय्य गटाच्या बैठकीत मिळते, ती मागायला संकोच करू नये.

पाटीवर काय लिहिले आहे

पुरवठादार ‘आमची केबिन ८ पीएसआयची आहे’ असे सांगतो तेव्हा ते वाक्य अपुरे असते. ते पूर्ण करण्यासाठी तीन गोष्टी विचाराव्या लागतात.

किती मिलिसेकंदांसाठी, हा पहिला प्रश्न. या व्यवसायात ५ किंवा ८ पीएसआय आणि २०० मिलिसेकंद अशी जोडी पुष्कळदा दिली जाते, पण गृहीत धरू नये.

हा दाब मोकळ्या हवेतला की भिंतीवर आदळून परावर्तित झालेला, हा दुसरा. स्फोटाची लाट समोरच्या भिंतीवर थेट आदळते तेव्हा भिंतीवरचा दाब मोकळ्या लाटेच्या दुपटीहून जास्त होतो. ५ पीएसआयची लाट समोरच्या भिंतीला सुमारे ११ पीएसआय वाटते. जोखीम अहवालातला आकडा बहुधा मोकळ्या लाटेचा असतो. पुरवठादाराचे ८ पीएसआय जर परावर्तित असतील, तर ती केबिन प्रत्यक्षात साडेतीन पीएसआयच्या थोड्याच पुढच्या लाटेसाठी आहे. एवढा फरक एका शब्दात दडलेला असतो, आणि तो विक्रीच्या माहितीपत्रकात क्वचितच सापडतो.

तिसरा प्रश्न नुकसानीच्या पातळीचा. स्फोटरोधक याचा अर्थ स्फोटानंतर जशीच्या तशी राहणारी, असा नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या पेट्रोकेमिकल इमारतींविषयीच्या मार्गदर्शनात तीन पातळ्या आहेत. कमी पातळीत स्थानिक नुकसान होते आणि इमारत वापरात राहू शकते. मध्यम पातळीत नुकसान सर्वत्र पसरते आणि मोठ्या दुरुस्तीखेरीज इमारत वापरता येत नाही. उच्च पातळीत इमारत मजबुती गमावते आणि पुढचा झटका किंवा वाऱ्याचा जोर आला तर कोसळू शकते. एकाच केबिनला मध्यम पातळीसाठी ८ आणि कमी पातळीसाठी ५ पीएसआय असे दोन आकडे असू शकतात, आणि विकणारा अर्थातच मोठा आकडा सांगतो. ज्या केबिनमधून स्फोटानंतरही कोणी व्हॉल्व किंवा पंप चालवायचे आहेत तिच्यासाठी कमी नुकसानीची पातळीच मागावी. जिथून माणसांनी केवळ सुखरूप बाहेर पडायचे आहे तिथे मध्यम चालते. उच्च पातळीवर माणसे बसवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, मग भाडे कितीही कमी असो.

या तिन्ही उत्तरांसोबत संरचना अभियंत्याने सही केलेले गणित किंवा प्रत्यक्ष स्फोट-चाचणीचा अहवाल मागावा, आणि तो येणाऱ्या केबिनच्याच आराखड्याचा आहे हे पाटीवरील अनुक्रमांकाशी ताडून पाहावे. चाचणी एका मॉडेलची आणि पुरवठा दुसऱ्याचा असे होऊ शकते. स्थानिक फॅब्रिकेटरने जाड पत्र्याचा कंटेनर बनवून त्याला ‘ब्लास्ट प्रूफ’ असे रंगवले असेल, तर कागद मागताच खुलासा होतो. भारतीय मानक आयएस ४९९१:१९६८ हे जमिनीवरील स्फोटांसाठी संरचना-आराखड्याचे निकष देते. स्थानिक अभियंत्याकडून गणित करून घ्यायचे असेल तर त्याचा आधार घेता येतो, मात्र वाफेच्या ढगाच्या लांबट दाबाचा विचार त्याने वेगळा केला आहे का हे विचारावे.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. दाबाच्या आकड्यात उडणाऱ्या तुकड्यांचा, आगीच्या धगीचा आणि विषारी वायूचा समावेश नसतो. आपल्याकडील लहान-मध्यम कारखान्यांत दाबाखाली असलेला रिअॅक्टर फुटण्याचा धोका मोठा आहे, आणि तिथे जड तुकडे भिंत भेदू शकतात. अशा ठिकाणी केबिन रिअॅक्टर-शेडच्या थेट समोर ठेवण्याऐवजी मजबूत आरसीसी इमारतीच्या आडोशाला ठेवणे शहाणपणाचे ठरते. एलपीजीच्या टाकीशेजारी आगीच्या धगीसाठी वेगळी अग्निरोधक पातळी मागावी लागते.

आतली हवा, वीज आणि सामान

या केबिनना खिडक्या नसतात किंवा अगदी लहान असतात, भिंती पोलादी असतात आणि कोकणातील हवा दमट असते. त्यामुळे वातानुकूलन बंद पडले की अर्ध्या तासात आत बसणे अशक्य होते आणि कोणीतरी दाराला वीट लावून ते उघडे ठेवते. त्या क्षणापासून केबिनचे स्फोटरोधक असणे संपले. म्हणून राखीव एसी युनिट किंवा ठरावीक तासांत दुरुस्तीची लेखी हमी ही येथे चैन मानू नये. बाहेरची हवा आत घेणाऱ्या तोंडाला स्फोट-झडप आणि वायू-संवेदक आहे का, ज्वलनशील वायूची पातळी खालच्या ज्वलनमर्यादेच्या (हवेत पेट घेण्यास लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) १० ते २० टक्क्यांवर पोचताच पंखा बंद होऊन झडप मिटते का, हे ताबा घेताना प्रत्यक्ष चालवून पाहावे. क्लोरीन किंवा द्रावकांच्या वाफा हवेपेक्षा जड असतात, त्यामुळे हवेचे तोंड उंचावर असणे बरे. विषारी वायूपासून आसरा म्हणूनही केबिन वापरायची असेल तर झडप मिटल्यानंतर आतली हवा किती माणसांना किती वेळ पुरेल, हे पुरवठादाराने लिहून द्यायला हवे.

केबिन ज्वलनशील वायूच्या वर्गीकृत क्षेत्राबाहेर, म्हणजे जिथे असा वायू हवेत असू शकतो असे ठरवलेल्या भागाबाहेर, ठेवावी, अन्यथा तिचे एसी युनिट, दिवे आणि स्विच हेच ठिणगीचे कारण ठरतील. डिझेल जनरेटर आणि सुरू ठेवलेली वाहने तिच्याजवळ नकोत. टेक्सास सिटीत ठिणगी बहुधा इंजिन सुरू असलेल्या एका पिकअप ट्रकची होती. दारे बाहेर उघडणारी आणि शक्यतो दोन असावीत, त्यांपैकी निदान एक प्लँटच्या विरुद्ध बाजूला असावे. आत भिंतीवर टांगलेले कपाट, टीव्ही, पांढरा फळा, छताचे पॅनेल या वस्तू स्फोटाच्या धक्क्याने सुटून माणसांवर येतात. भिंत शाबूत राहूनही डोके फुटते. जड वस्तू जमिनीवर आणि बोल्टने बसवलेल्या असाव्यात, आणि प्लँटकडील भिंतीला तर काहीच टांगू नये.

कोकणातील रस्ता, जमीन आणि पाऊस

१२ फूट रुंदीचे मॉड्यूल आतून ऐसपैस असते, पण ते ३.६६ मीटर भरते आणि रस्त्यावर वाहनाची रुंदी साधारण २.६ मीटरपर्यंतच चालते. म्हणजे जादा आकाराच्या मालाची परवानगी, पुढे-मागे पायलट गाडी आणि रात्रीचा प्रवास आला. परशुराम घाटात किंवा कराडहून येताना कुंभार्ली घाटात अशा ट्रेलरचे काय होते, हे त्या वाटेने गेलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. ८ फूट रुंदीची म्हणजे २.४४ मीटरची मॉड्यूल कंटेनरसारखी येतात. रत्नागिरी आणि दक्षिण रायगडसाठी मी नेहमी तीच सुचवेन. जागा कमी पडली तर एक जास्त घ्यावे. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना दरवर्षी बंदी असते आणि कोकणातील कामगारही तेव्हा गावी असतात, त्यामुळे त्या आठवड्यांत ना केबिन येते ना जाते. पावसात घाटात दरड आली तरी तेच. केबिन आगोटीच्या आधी, शक्यतो मेच्या मध्यापर्यंत, जागेवर पोचलेली असावी.

उतरवण्यासाठी गेटवर नेहमी मिळणारा हायड्रा (छोटी फिरती क्रेन) पुरेल असे धरू नये. स्फोटरोधक केबिन साध्या केबिनपेक्षा कित्येक पटींनी जड असते, आणि क्रेनची क्षमता बूम लांबवला की झपाट्याने उतरते. केबिनचे वजन, उचलण्याचे बिंदू आणि क्रेन उभी राहील तिथून केबिनपर्यंतचे अंतर लेखी घेऊन क्रेनच्या लोड चार्टवर ताडावे. चालू प्लँटवरून केबिन उचलून फिरवण्याचा प्रसंग येऊ देऊ नये.

खालची जमीन जांभ्याची असेल तर सोपे आहे; भरावाची असेल तर रोलर फिरवून, खडी अंथरून आणि शक्य असेल तर काँक्रीटची पट्टी ओतून समतल करावी. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाणी कुठून वाहणार हे आधी ठरवले नाही तर सप्टेंबरपर्यंत केबिन एका कोपऱ्यावर बसलेली दिसते, आणि चौकट पिळली की स्फोटरोधक दार नीट मिटत नाही.

अनेक मॉड्यूल जमिनीला न बांधता ठेवण्यासाठी आखलेली असतात. स्फोटात ती थोडी सरकतात आणि धक्का काही अंशी तसाच जिरतो. मात्र आतल्या माणसांनाही हा हिसका बसतो, म्हणून सरकण्याचे अंतर गणितात दिलेले असावे, भोवती तेवढी मोकळी जागा असावी, जिना केबिनला वेल्ड केलेला नसावा आणि केबल व पाण्याच्या जोडण्यांना ढील असावी. काही मॉड्यूल बांधावीच लागतात. बांधायचे की नाही हे कारखान्याच्या सिव्हिल विभागाने परस्पर ठरवू नये. पूररेषेजवळ हा प्रश्न आणखी अवघड होतो. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले होते. सावित्री किंवा कुंडलिकेच्या काठच्या सखल भूखंडावर १० टन वजनाची आणि सुमारे १५ चौरस मीटर तळ असलेली घट्ट बंद पेटी पाऊण मीटर पाण्यातच तत्त्वतः तरंगू लागते. अशा जागी केबिन उंच ओट्यावर घ्यावी किंवा जागाच बदलावी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्याला जे दाखवले त्यानंतर छतावरील एसी युनिट आणि बाहेरचे छत्र नीट जखडलेले आहे का, हे वेगळे सांगायला नको.

खारे वारे पोलाद खातात. आधी किनाऱ्यावर भाड्याने दिलेल्या केबिनच्या भिंतीचा तळ, वेल्डचे सांधे, दाराच्या बिजागऱ्या आणि छतावर पाणी साचणारे भाग रंगाखाली गंजलेले असू शकतात. जाडी मोजण्याचे अल्ट्रासोनिक यंत्र कारखान्याच्या तपासणी विभागाकडे असतेच. ताबा घेण्यापूर्वी दहा-पंधरा ठिकाणी जाडी मोजून मूळ आराखड्याशी ताडावी. ताजा रंग पाहून समाधान मानू नये.

परवानग्या आणि करार

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला केबिनची जागा आणि वापर कळवावा, आणि १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनुसार केलेल्या आणीबाणी आराखड्यात तिची नोंद करावी. जिथे पेट्रोलियम किंवा एलपीजीच्या साठ्याला पेसोचा (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचा) परवाना आहे तिथे मंजूर नकाशातील सुरक्षा-अंतरांत काहीही नवे उभे करण्यापूर्वी त्यांची परवानगी लागते. तात्पुरते आहे, ही सबब चालत नाही. तेल आणि वायू प्रकल्पांना ओआयएसडीची (तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची) मानकेही पाहावी लागतात. वसाहतीच्या हद्दीत एमआयडीसी आणि तिच्या अग्निशमन विभागाशी आधीच बोलून घेतलेले बरे.

करारात दरमहा भाड्याकडे सर्वांचे लक्ष असते, पण पैसा वेगळ्याच ठिकाणी जातो. भाडे केबिन गोदामातून निघाल्यापासून सुरू होते, जागेवर पोचल्यापासून की वापरात आल्यापासून, हे लिहिलेले असावे. ट्रेलर दरड कोसळल्याने चार दिवस अडकला तर त्या दिवसांचे भाडे आणि ट्रेलरचा खोळंबा कोणाच्या खात्यावर जाईल, क्रेन कोणाची, परवानग्या कोण काढणार, विमा प्रवासाचाही आहे का, हेही तसेच. किमान कालावधीची अट वाचावी, कारण शटडाऊन लांबतात. दाबाचा आकडा, कालावधी, मोकळा की परावर्तित आणि नुकसानीची पातळी ही चारही माहिती कराराच्या मुख्य मजकुरात हवी, सोबतच्या माहितीपत्रकात नव्हे. दोन वर्षांहून अधिक काळ केबिन लागेल असे दिसत असेल तर एकूण भाडे अधिक दोन वेळची नेआण मांडून ते विकत घेण्याच्या किंवा पक्की स्फोटरोधक खोली बांधण्याच्या खर्चाशी ताडावे. मागणी मात्र काही महिने आधी नोंदवावी. साध्या पोर्टा केबिनप्रमाणे या वस्तू आज मागून उद्या मिळत नाहीत.

भिंतीला छिद्र पाडण्यास बंदी हे कलम पुरवठादार स्वतःहून घालतो, आणि ते त्याच्या इतकेच आपल्याही हिताचे असते. इंटरनेटची एक केबल आत घेण्यासाठी कोणीतरी ड्रिल चालवतो आणि गणितात नसलेले एक भोक तयार होते. केबलसाठी केबिन बनवतानाच ठेवलेले सीलबंद मार्ग किती आहेत, हे मागणी नोंदवतानाच सांगावे आणि दोन जास्तीचे मागावे.

वापर चालू असताना

केबिन उभी राहिल्यावर तिची जबाबदारी एका नावाने एका माणसावर द्यावी. तो आठवड्यातून एकदा दाराची मिटण, गॅस्केट, कुलूप, आणीबाणीचा दिवा, अर्थिंग आणि छतावरचा पालापाचोळा पाहील आणि वहीत नोंद करील. आत किती माणसे आहेत हे दाराजवळच्या पाटीवर दिसावे, म्हणजे असेंब्ली पॉइंटवर (आणीबाणीत जमण्याच्या जागी) मोजणी करताना शोधाशोध होत नाही. शेजारचे युनिट सुरू किंवा बंद होत असताना, म्हणजे अपघाताची शक्यता सर्वाधिक असताना, केबिनमध्ये अत्यावश्यक माणसांखेरीज कोणी नको. ही अट वर्क परमिटच्या नमुन्यातच छापून घ्यावी आणि युनिट सुरू करण्याची वेळ ठेकेदारांना आदल्या दिवशी कळवावी. टेक्सास सिटीत शेजारच्या ट्रेलरमधील माणसांना युनिट सुरू होत असल्याचे कोणी सांगितलेच नव्हते. केबिन नंतर दुसऱ्या जागी हलवायची झाली तर तिथला दाब पुन्हा काढून घ्यावा. पहिल्या जागेचे कागद तिथे लागू होत नाहीत.

परत पाठवताना आत-बाहेरची छायाचित्रे, जाडीची मोजमापे आणि ताब्याच्या वेळची यादी शेजारी ठेवून पुरवठादाराच्या प्रतिनिधीसमोर तपासणी करावी आणि त्याची सही घ्यावी. परतीची तारीख पावसात येत असेल तर भाडे थांबण्याची तारीख केबिन रस्त्याला लागण्यावर अवलंबून न ठेवता ती रिकामी करून सुपूर्त केल्याच्या पत्रावर ठरवून घ्यावी, आणि हे कलम करारावर सह्या होण्यापूर्वीच घालावे.